चाकांवरचं पाणी

आबा, तुम्ही चालवायचात ती शेठची मोटार ब्रेक दाबला की थरथरायला लागली, ते दिवस मला पुन्हा आठवायचे नव्हते. त्यांची आठवण काढायची म्हणजे दादापासून सुरुवात करावी लागते. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षी दादा मुंबईहून ताप घेऊन आगबोटीने आला, आणि तुम्ही त्याला बंदरावरून मोटारीत घालून घरी आणलंत. बाहेरून आलेल्याच्या पायांवर पाणी घातल्याशिवाय आई कुणालाही उंबरा ओलांडू देत नसे. पण त्या दिवशी तो असा हुडहुडत होता, की तिने त्याला तसाच कवळून आत नेलं. आठवडाही काढला नाही त्याने. डॉक्टर म्हणाले हिवताप, शेजारी म्हणाले मुंबईची हवा. आईने मात्र पाणी घालायचं राहिलं एवढंच मनात धरलं. कितीतरी दिवस ती अंथरुणातून उठली नाही, धड जेवली नाही. मग एका संध्याकाळी तुमच्या मोटारीचा आवाज ऐकून ती उठली, कळशी घेऊन अंगणात गेली आणि चारही चाकांवर पाणी ओतलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढे ते रोजचंच झालं, आणि तुम्हाला आणि मला त्याचं बरंच वाटलं.

देवरूखची फेरी संपवून, उतारूंना बाजारात सोडून, तुम्ही रोज रिकामी मोटार उतारावरून मांडवीला घरी आणून अंगणात लावायचात. थरथर कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येणार नाही. एरवी मोटार मुकाट धावे, पण ब्रेकवर पाय पडला की पायाखालची फळी आणि तुमच्या हातातलं चाक, दोन्ही लटलट हलायची. उतारू थट्टा करत, ‘ड्रायव्हर, मोटारीला हीव भरलंय, घोंगडी घाला तिला.’ पण बावनदीच्या उतारावर एक म्हातारी देवाचा धावा करत मधेच उतरली आणि पुढे चालत गेली, तेव्हा थट्टा संपली. शेठ म्हणाले, तुमचा पायच जड पडतो, पुन्हा गाऱ्हाणं आलं तर दुसरा माणूस बघतो. तुम्ही घरी येऊन ते सांगितलंत, आणि आईने दुसऱ्या दिवसापासून एकीच्या जागी दोन कळश्या भरून ठेवल्या. दादासारखीच ही कापते आहे, हिलाही कुणाची नजर लागली, असं तिने ठरवलं होतं.

मी नवरा गेल्यावर माहेरी परतले होते, घरात हाताशी मीच होते. तुम्ही चाकांचे बोल्ट आवळलेत, ब्रेकचे पट्टे नवे घातलेत, ब्रेकच्या सळ्या एकसारख्या ताणून पाहिल्यात. थरथर जाईना. मग तुम्ही जॅकवर एक चाक उचलून काढलंत, आणि ब्रेकचे पट्टे ज्यावर दाबतात तो आतला लोखंडी ड्रम उघडा पडला. तुम्ही म्हणता, ‘फिरव गो, सावकाश.’ मी फिरवते. तुम्ही खडू त्याच्या कडेशी हात न हलवता धरता. सगळीकडे रेघ उठायला हवी, पण ती एकाच बाजूला उठते. ‘गोल नाय राहिला,’ तुम्ही म्हणता. ‘पट्टे दाबले की फुगीर बाजू धक्का देते.’ मग चारही ड्रम गोणपाटात गुंडाळून आगबोटीने मुंबईला गेले आणि लेथच्या यंत्रावर कातून गोल होऊन परत आले. मोटार कशी लोण्यासारखी थांबायला लागली! पण महिनाभरात पुन्हा थरथर. त्या दिवशी तुम्ही खाली उतरलात, आईने पाणी ओतलं, चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि तुमचा चेहरा उतरला. मलाही कळलं. सबंध उतार ब्रेक दाबून आलेलं लोखंड निखाऱ्यासारखं तापलेलं असायचं आणि त्यावर हे विहिरीचं गार पाणी. ते वाकडं होईल नाही तर काय!

आई आत गेल्यावर मी म्हटलं, सांगून टाका तिला. तुम्ही म्हणालात, ‘नको बाय. एक लेक आपल्यामुळे गेला असं धरून बसलीय. आता मोटारपण आपणच बिघडवली, लोकं मरता मरता वाचली, असं कळलं तर उठायची नाय ती परत. चाकं निवली की मग येईन मी घरी.’

मग ड्रम पुन्हा मुंबईला जाऊन आले, आणि उतार संपतो तिथल्या खडकापाशी तुम्ही रोज मोटार लावून बसायला लागलात. थरथर गेली. शेठ गप्प झाले. आई म्हणाली, ‘बघा, पाण्यानं गेली का नाय नजर?’ तुम्ही म्हणालात, ‘गेली.’ पण तुमचा उशीर तिला दिसत होता. माडीच्या दुकानात पीत बसतात, असं कुणीतरी तिच्या कानात घातलं. ती तुम्हाला लागेल असं बोलायची आणि तुम्ही खाली मान घालून जेवायचात. तुमच्या छातीचं दुखणं वाढलं, तेव्हाही ती म्हणाली, ‘घर आवडलंच नाय कधी ह्यांना.’ तुम्ही ऐकलंत, आणि तसेच गेलात. त्याचा मला अजून राग येतो, आबा. तिला जपलंत, पण स्वतः तिच्या मनातून उतरलात, आणि मला मधे उभं करून गेलात.

आता ती फार थकली आहे. काल पुन्हा माडीच्या दुकानाचा विषय निघाला आणि मला सोसवलं नाही. मी म्हटलं, आबा दारू पीत नव्हते, उताराखाली मोटारीत एकटे बसून असत. का, ते सांगितलं नाही. तिने विचारलं,

‘एकटेच?’

‘हो.’

मला वाटलं, आता विचारेल, मग घरी का नाही आले? तिने तसं विचारलं नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘तिन्हीसांजेपर्यंत ऊन तोंडावर असतं तिथं. सावली तरी होती काय गो त्यांना?’

हे तुम्हाला कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. मी ‘होती’ म्हणाले. त्या खडकापाशी एकही झाड नव्हतं.