प्राजक्ताची बाटली

गुरुवार, संध्याकाळ. विक्रोळी

लॅबमध्ये आमचा प्रयोग करणाऱ्या प्राजक्ताला फोन करायला हवा होता. केला नाही.

तीन आठवडे मी तिला सांगतेय, बाटली नीट हलव, गुठळ्या मोड. लोहचुंबक जवळ आणलं की तिच्या तेलातले लोखंडाचे कण चिकटून साखळ्या होतात, वाहत्या तेलातही टिकतात. मी कॉम्प्युटरवर केलेल्या त्याच प्रयोगाच्या सिम्युलेशनमध्ये मात्र कण सुटेच राहतात. म्हणजे चूक तिचीच, नाही का? "कोळ्याची पोर आहे गं मी, हात नाही दुखत," म्हणत ती हलवत राहिली. परवा मनगटाला क्रेप बँडेज दिसलं.

आज कोड उघडला. कण एकमेकांत घुसून प्रोग्राम बंद पडायचा, म्हणून गणपतीच्या सुट्टीआधी मीच त्यांना दूर ढकलणारा जोर वाढवला होता. तात्पुरता. तो काढायचा राहिला. आज काढला, प्रोग्राम छोट्या टप्प्यांनी चालवला, आणि स्क्रीनवर तिच्यासारख्याच साखळ्या.

कुठल्या तोंडाने सांगू? ते बँडेज...

तेवढ्यात तिचाच मेसेज आला. "आज अर्धा तास हलवली यार. तरी साखळ्या येतातच. सॉरी गं."

मी नुसता अंगठा पाठवला.