तांब्या सापडला नाही तर

बाई, तुमच्या मातीला मी आले होते. सगळे ओळीनं पुढे होऊन मूठमूठ माती टाकत होते, मी मात्र हात ओढणीत गुंडाळून मागे उभी राहिले. पाळकसाहेब म्हणत होते, ह्या आपल्या बहिणीनं आयुष्यात कधी कोणाला दोष लावला नाही. मंडळीतल्या बायका डोळे पुसत होत्या आणि माझ्या मनात चाललं होतं की हे खोटं आहे, मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते ऐकलेलं मी तुम्ही असताना तुम्हांला विचारलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर कोणाला सांगितलंही नाही. आता सांगते, कारण यंदा अशा काही गोष्टी कळल्या की तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बोर्डिंगच्या स्वयंपाकघराला लागून असलेलं ते कोठार तुम्हांला आठवत असेल. भिंतींना गोधड्या आणि गोणपाट ठोकून तुम्ही त्याचा स्टुडिओ केला होता. माईक कोठारात आणि टेपरेकॉर्डर बाहेर स्वयंपाकघरात, खिडकीतून वायर ओढलेली, कारण मशीनची घरघर कॅसेटमध्ये यायची. आम्ही पोरी आत घामाघूम होऊन बोलायचो आणि तुम्ही बाहेर कानाला हेडफोन लावून चुलीशेजारी बसायच्या. मुरमाच्या घमेल्यात चप्पल दाबली की कोणीतरी चालत येतंय, दोन तांब्यांतून पाणी ओतलं की विहीर. त्या कॅसेटी तुम्ही गावोगावच्या मंडळ्यांना पाठवायच्या, मुलांनी उपासनेनंतर ऐकाव्यात म्हणून. माझ्यावर तुम्ही सारख्या ओरडायच्या: "वाक्याआधी एवढा श्वास कशाला घेतेस? बोलायचंय की विहिरीत उडी मारायचीय?"

त्या वर्षीचं नाटक तुम्हीच लिहिलेलं. गावात नवी मुलगी येते, एका घरातला पितळी तांब्या नाहीसा होतो, सगळे तिच्याकडे बोट दाखवतात, तिची मैत्रीणसुद्धा. शेवटी तांब्या विहिरीच्या गाळात सापडतो आणि सगळ्यांना दुसऱ्याला दोष लावल्याची लाज वाटते. नव्या मुलीचं काम माझ्या मैत्रिणीला दिलं होतं आणि संशय घेणाऱ्या मैत्रिणीचं मला. ती शेवगावच्या पलीकडच्या गावातली, बापाविना पोर, चुलत्याच्या घरी वाढलेली. आम्ही एका ताटात जेवायचो. माझ्या भाकरीचा पापुद्रा ती खायची आणि तिच्या आमटीतली मिरची मी.

एका दुपारी तुम्ही मला मशीनजवळ बसवलं, हेडफोन कानाला लावला आणि म्हणालात, "इथंच बस, काही दाबू नकोस." मग दाराशी आलेल्या दोन माणसांना घेऊन तुम्ही कोठारात गेलात. धोतर-टोपीतली माणसं, मी आधी कधी न पाहिलेली. माईक चालू आहे हे तुम्ही विसरल्या असाव्यात. माझ्या दोन्ही कानांत तुमचा आवाज आला, अगदी जवळ, कुजबुजल्यासारखा: "पोरगी दिसायला गरीब आहे, पण हात लांब आहे तिचा. कोठारातल्या वस्तू जातात. मी तिला इथून काढणारच आहे." त्यातला एक जण म्हणाला, "बरं झालं बाई, आधीच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीची आई आली, पत्र्याची पेटी उचलली आणि दोघी गेल्या. जाताना तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या बोर्डिंगला माहीत झालं होतं की ती चोर निघाली. तुम्ही मला तिचं काम दिलंत. मी त्या गोधड्यांच्या मध्ये उभी राहून 'मी चोर नाही, निदान तू तरी तसं म्हण' हे तिचं वाक्य म्हणत होते, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. रेकॉर्डिंग संपल्यावर तुम्ही मला रंगीत पेन्सिलींचा डबा दिलात. कधी कोणाला काही न देणाऱ्या तुम्ही! त्याच क्षणी मला वाटलं, ही लाच आहे. बाईंना कळलंय की मी ऐकलं. तो डबा मी न उघडता धाकट्या भावाला देऊन टाकला.

तेव्हापासून माझं असं झालं की कोणी गोड बोललं की मी हेडफोन शोधते. हा माणूस आत कोठारात गेल्यावर काय बोलत असेल? सुप्याच्या एमआयडीसीत मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. समोर आलेला प्रत्येक सुटा भाग खोटा आहे असं धरूनच हातात घ्यायचा, हे माझं काम. नवरा चेष्टेनं म्हणतो, तुला संशयाचाच पगार मिळतो. चर्चमध्ये प्रीतीवर उपदेश सुरू झाला की मी खिडकीबाहेर बघते.

यंदा आमच्या संडे स्कूलची नवी शिक्षिका मागे लागली. मुलं मोबाईलवर काहीबाही ऐकतात, त्यापेक्षा आपणच एक श्रुतिका करू, मैत्रीवर आणि दुसऱ्याला दोष लावण्यावर. मला तुमचं नाटक तोंडपाठ होतं. का कोण जाणे, मी तेच लिहून दिलं. माझ्या झोपायच्या खोलीत गोधड्या टांगल्या, मुलांना मोबाईलसमोर उभं केलं, आजीचं काम मी केलं आणि पहिला भाग व्हॉट्सॲपवर पाठवला. तो ह्या मंडळीतून त्या मंडळीत फिरत राहिला. आठवडाभरानं अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सलाम. त्यातली आजी तूच न्हवं?"

"कोण बोलतंय?"

"अजून वाक्याच्या आधी तसाच श्वास घेतीस की गं. इहिरीत उडी मारतीस काय?"

मी फोन ठेवला. हल्ली आवाज चोरून फसवणारे लोक फोन करतात, असं मनाशी म्हटलं. फोन पुन्हा वाजला. मी विचारलं, "बोर्डिंगच्या स्वयंपाकीण मावशींच्या हातावर काय गोंदलेलं होतं?"

"इंचू," ती म्हणाली. "आन त्याची नांगी अर्धीच हुती. आता तरी बोलशील का?"

ती नेवाशाला असते. दवाखान्यात नर्स आहे, नवरा एसटीत मेकॅनिक. पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलंय, पण स्टँडवर माझ्या तोंडून 'नगरहून नेवासा' असंच आलं. दुपारी तिच्या घरी पोहोचले तर ती स्वयंपाकघरात पाटावर बसून हुलग्याचे शेंगोळे वळत होती. केस माझ्याहून जास्त पिकलेले. तिनं पिठाच्या हातांनीच मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आधी इचार काय इचारायचंय ते. फोन ठेवलास तवाच कळलं मला."

आणि बाई, मी विचारलं, "तू खरंच काही घेतलं होतंस का?"

तिचे हात थांबले. "इतकी वर्सं गेली, आन तुझा पयला सवाल ह्यो?" मग ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. मी तिला कोठारातलं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. ते शब्द तिला आजवर कोणी सांगितले नव्हते. ती शेंगोळ्यामागून शेंगोळा वळत राहिली.

"ते दोघं कोन हुते म्हाईत हाय का तुला? माझा व्हनारा सासरा आन त्याचा भाऊ. पोरीची चौकशी करायला आल्ते. ऊसतोडीला एक कोयता म्हंजी नवरा-बायकू, दोघं. बायकू न्हाई तर अर्धा कोयता, आन अर्ध्या कोयत्याला मुकादम उभा करत न्हाई. चुलत्यानं ठरवलं हुतं, दिवाळीआधी माझं लगीन लावायचं आन टोळीबरूबर कोपरगावच्या फॅक्टरीला धाडायचं. मी सातवीत, गं. आईनं बाईंचे पाय धरले. बाई म्हनल्या, पोलिसात जाऊ. आई म्हनली, मला त्याच घरात ऱ्हायचंय. मग बाई म्हनल्या, दुसरा एकच रस्ता हाय, पन त्यो पोरीला सोसावा लागंल."

सोयरीक मोडली. चुलत्यानं गावभर शिव्या घातल्या आणि हात झटकले. आईनं तिला नाशिककडच्या तुमच्या ओळखीच्या शाळेत पोचवलं आणि खरं काय ते बसमध्ये सांगितलं, कोणाला न सांगायची शपथ घालून. चोर पोरीला मागणं कोण घालणार? त्यामुळे ती शिकत राहिली.

मला वाटलं, माझ्या छातीवरचा दगड निघाला. मी म्हणाले, "म्हणजे बाईंनी तुला वाचवलं. आणि मी इतकी वर्षं..."

"वाचवलं," ती म्हणाली. "पन चोर करून वाचवलं. आन मला न इचारता."

"विचारायला वेळ कुठे होता? त्यांनी स्वतःच्या जिवावर केवढं खोटं घेतलं!"

"त्येंच्या न्हाई, माझ्या जिवावर. आईच्या मयताला गेल्ते, तर भावजयीनं माझ्यासमोर कपाटाला कुलूप घातलं. आई अजून अंगनात हुती." तिनं परात बाजूला सारली. "चुलता बाईंच्या आधी लई वर्सं गेला. त्येच्यामागं कोनाची भीती हुती? एकदा यष्टीत बसून गावात यायचं, चार मानसांत सांगायचं, पोरगी चोर न्हाई, मी खोटं बोल्ले. का न्हाई आल्या?"

तिच्या बाजूनं इतकी वर्षं तुमच्यावर डूख धरणारी मी, त्या दुपारी तिच्याशी तुमच्या बाजूनं भांडत होते. तिचा हा प्रश्न मात्र मी तुम्हांलाच विचारते. तुम्ही विसरलात? की तुमच्या चांगल्या नावाला जपलंत? मातीच्या दिवशी पाळकसाहेब जे बोलले, ते त्यांना तसंच बोलता यावं म्हणून? असले विचार येतात. मी ते दाबत नाही.

निघताना ती म्हणाली, "ऐकनारी तू एकलीच हायेस. माझ्यासंगं गावाला येशील?"

गेलो आम्ही. तिच्या भावजयीनं चहा केला, आमच्यासमोर मांडी घालून बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मग पदर सावरत म्हणाली, "आमी कवा म्हनलं चोर? लोक काय, काय बी बोलत्यात." कपाटाची चावी तिच्या कमरेलाच होती. पण उठून तिनं कपाट उघडलं, आईचं एक लुगडं काढून मैत्रिणीच्या मांडीवर ठेवलं आणि भांडी विसळायला गेली. ती माफी होती की पाहुण्यांना वाटेला लावणं, ते मला सांगता येणार नाही. मैत्रीण येताना सगळी वाट ते लुगडं पिशवीत न घालता हातात धरून बसली होती.

बसमध्येच तिनं नाटकाचा विषय काढला. "तुझ्या श्रुतिकेत तांब्या शेवटाला सापडतो का?"

"सापडतो. बाईंनी लिहिलेलंच आहे तसं."

"आन न्हाई सापडला तर? मग काय ती पोरगी चोरच का?"

मी शेवट बदलला: तांब्या सापडत नाही, तरी मैत्रीण नव्या मुलीशेजारी जाऊन बसते. पाळकसाहेबांचा फोन आला, मुलांना कळायचं नाही, बोध स्पष्ट हवा. मी म्हणाले, एकदा ऐका, मग ठरवा. शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगला मैत्रीण नेवाशाहून आली, नव्या मुलीच्या आईचं काम करायला. नाटकातल्या मैत्रिणीचं काम करणारी पोर, कंपाउंडरची मुलगी, भारी चौकस. कागद वाचून म्हणाली, "पण मग तांब्या घेतला कोणी?"

"म्हाईत न्हाई," मैत्रीण म्हणाली.

"मग मी हिच्याशेजारी जाऊन का बसू? हिनंच घेतला असला तर?"

"तुझी मैतरीन हाय म्हनून बस."

पोरीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "बसते. पण विचारीन मी तिला."

"इचार की. शेजारी बसून इचार," मैत्रीण म्हणाली. ते वाक्य आम्ही तसंच ठेवलं. भाग गेल्यावर दोन-तीन पालकांनी कळवलं की गोष्ट अर्धवट आहे. पाळकसाहेबांनी मात्र तो भाग उपासनेनंतर सगळ्या मुलांना ऐकवला आणि वर कसलाही बोध जोडला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांच्याबद्दलचं माझं मत थोडं बदललंय.

हे सगळं कागदावर उतरवलंय, पण कबरस्तानात नेऊन ठेवायचा भाबडेपणा मी करणार नाही. तुमचा हिशोब तुमच्या देवापुढे झाला असेल. माझ्या मनात तो अजून उघडाच आहे. नेवाशाहून परत आल्यावर पहिले काही दिवस मी हाच विचार करत होते की तुम्ही निदान मला तरी विश्वासात घ्यायला हवं होतं, मी तिची मैत्रीण होते. खरं सांगू का बाई? तुम्ही मला सांगितलं असतं, तर रात्रीच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत मी ते सगळ्या बोर्डिंगला सांगितलं असतं, ती चोर नाही, ती चोर नाही, असं ओरडून. आणि दिवाळीआधी तिचं लग्न झालं असतं.