चाकातली फट

कोल्हापूर, १२ जानेवारी १९१२

प्रिय गौस,

आठ वर्षांनी मास्तराला कंठ फुटला म्हणून तू हसशील. हस. पण मी शिकवलेली अक्षरं अजून लागत असतील तर हे पत्र स्वतःच वाच. यात तुझ्या अब्रूची गोष्ट आहे.

मुंबईहून चित्रकला शिकून मी टांग्याच्या कारखान्यात आलो, ते दिवस फार आठवतात. कंपासनं कागदावर चाक काढलं की माझी छाती फुगायची. तू कागद उलटासुलटा करून विचारलंस, "मास्तर, ह्ये बाभळीचं हाय का सागाचं?" मला राग आला. मग तूच माझा हात धरून लाकडावरून फिरवलास. बाभूळ कुठं चिवट, कुठं दगा देते ते दाखवलंस. दुपारी रशिदाभाभींची भाकरी आपण वखारीतच खायचो. तितकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

त्या शुक्रवारी तू नमाजाला गेला होतास. चाकाची कड ज्या लाकडी तुकड्यांची बनते, त्या पाटांमध्ये तू बारीक फटी ठेवल्या होत्यास. माझ्या चित्रात फटी नव्हत्या. कारखान्याचे साहेब बघायला येणार म्हणून मी लाकडाच्या चिपा ठोकून त्या बुजवल्या आणि वर रंगाचा हात मारला. तू आलास तेव्हा लोखंडी धाव तापून लाल झाली होती. घाईत तू ती चढवलीस. गार होताना धाव आवळते, फटी मिटतात आणि चाक घट्ट बसतं, हे मला कुठं ठाऊक? महिन्याभरात आरे खुळखुळले आणि आंबा घाटात टांगा उलटला. नशिबानं माणसं वाचली.

चौकशीत मोडक्या चाकातली चीप तू उपसलीस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "चूक माझीच की सायेब." माझ्या घरी तेव्हा बाळंतीण होती, हे तुला माहीत होतं. मी मान खाली घालून बसलो. तू मलकापूरला निघून गेलास, तेव्हा निरोप द्यायलाही आलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

काल मुख्य मिस्त्री नेमायचा होता. मी तुझं नाव काढलं. "टांगा उलटवणारा तोच ना?" साहेबांनी विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं. तुझ्यावरचा ठपका निघाला, जागा तुला मिळाली. सोमवारी सकाळी ये. मी फाटकाबाहेर तुझी वाट बघत थांबेन. कालपासून मला आत जायची मनाई आहे.

तुझाच,
गणपत मास्तर