आप्पांचा बुंगा

१२ नोव्हेंबर १९८६, मानवत
दिवाळीनंतर आज शाळेचं पुस्तकांचं कपाट उघडलं. चौथीच्या पोरींना दुसरं काही नको, 'चंदूची सागरसफर'च पाहिजे. आप्पांनी शाळेला दिलेली प्रत. पानं पिवळी पडलीत.
माहेरची, बोरीची ओसरी, वेचून आणलेला कापूस, त्यात लोळणारे मी आणि दादा. आप्पा वाचायचे. बेटावरचा बुंगा हबशी आला की गाल फुगवायचे, डोळे गरागरा फिरवायचे. "बुंगा खानार! पोरगं गोड!" आम्ही किंचाळत कापसात तोंड खुपसायचो. आप्पा गेले, आवाज तसाच कानात.
वर्गात नवीन मुलगी, जमीला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन-मिस्त्री, हैदराबादहून आलेत. सिद्दी. खापरपणजोबा आफ्रिकेतून आलेले, निजामाच्या घोडदळात होते म्हणे. केस इतके कुरळे की वेणी बसत नाही. पुस्तक तिनंच नेलं.

१७ नोव्हें.
मधल्या सुट्टीत जमीलाचे वडील आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
"बाई, पोरगी रोज माझ्या अम्माला हे वाचून दाखवायलीय. अम्मानं चित्र बघून इचारलं, ये कौन है? पोरगी बोल्ली, अपने सरीका है. कल से अम्मा बातच नईं कर री."
मग म्हणाले, "मला राग न्हाई. पर शाळेत कशाला ठेवायचं असलं?"
पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेले. बसा म्हणायचंही राहून गेलं.

१८ नोव्हें.
चित्र पुन्हा बघितलं. सुजल्यासारखे ओठ, नाकात हाड, हातात पोराची तंगडी. इतकी वर्षं त्या जागी मला आप्पांचंच तोंड दिसत आलं. चित्र असं आहे हे आज कळलं.
मैदानात पोरी जमीलाभोवती. "बुंगी, बुंगी, पोरगं खाती का?" जमीलाही हसत होती. रागावून सगळ्यांना वर्गात पाठवलं.

२५ नोव्हें.
शिक्षकांच्या खोलीत वाद. मोठे सर म्हणाले, "एका घरासाठी पुस्तक काढायचं? उद्या सगळ्या गोष्टींतले राक्षस काढा म्हणतील." गणिताचे गुरुजी लगेच, "आधी विद्यापीठाचं नाव बदला म्हणत होते, आता पुस्तकं बदला. लय झालं हे."
कांबळे सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्या वस्तीतली माणसं गोष्टीत कशी यायची, ठावं हाय का? मेलेली ढोरं वढणारी, न्हाईतर चोर. मी बी चौथीत सगळ्यांसंगं हसलो. हसावंच लागतंय."
मग मोठे सर माझ्याकडं वळले. "प्रत तुमच्या वडलांची. तुम्हीच ठरवा, बाई." सुटले ते.
पुस्तक घरी आणलं. जाळायचं? पानं फाडायची? की फक्त मोठ्यांसाठी ठेवायचं? शहाबादी फरशीच्या फळीवर पडून आहे.

३१ डिसें., बोरी
येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील झाली. वहिनी पोरांना घेऊन हरभऱ्यात गेली तेव्हा दादाला सगळं सांगितलं. तो तडकला.
"आप्पांची एवढी एकच वस्तू शाळेत हाय, ती बी तूच काढायलीस? वाईट मानूस व्हते का आप्पा?"
"तसं कुठं म्हणतेय मी? आप्पांनी हबशी कधी बघितला तरी होता का?"
"बघितला म्हंजे? हैदराबादला, निजामाच्या फौजेत. लय देखणे स्वार म्हनायचे."
मला हे माहीत नव्हतं.
"मग वाचताना तसलं तोंड का करायचे?"
दादानं कोपीचा कडबा सारखा केला. "पुस्तकात तसंच लिवलेलं व्हतं म्हनून."
मग आम्ही दोघं आप्पांचंच बोलत बसलो. त्यांची टोपी, त्यांचं खोकून पान उलटणं. रडू आलं. पुस्तकाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

१२ जानेवारी १९८७, मानवत
संध्याकाळी दारात जमीला. एकटीच.
"बाई, बुंग्याचं शेवटी काय झालं? अब्बानं मधातच पुस्तक नेलं."
शेवटी चंदू त्याला कड्यावरून समुद्रात ढकलतो, सगळे टाळ्या वाजवतात. आप्पा वाजवायचे, आम्हीही.
तोंडातून निघून गेलं, "त्याला जहाज मिळालं. घरी गेला तो."
"कुठं? हैदराबादला?"
"हो."
केवढी खूश झाली! "आजीला सांगते," म्हणत पळाली. हाक मारेपर्यंत गल्लीच्या टोकाला.
आता तिची आजी ऐकेल. खरं मानेल का? मिस्त्री उद्या विचारायला आले तर... आणि पुस्तकाचं काय ठरवलं, हे मोठ्या सरांना अजून मी काहीच सांगितलेलं नाही.