एकटा मासा

भिलाई, सेक्टर १०
३ नोव्हेंबर १९६२

ती. सौ. सिंधुताईस,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ठकू तुझ्याकडे राहायला लागल्यापासून नीट जेवते हे वाचून बरं वाटलं. बाप म्हणून थोडं वाईटही वाटलं, ते तुला नाही सांगणार तर कोणाला.

ताई, गयेचे मासे मरत चालले आहेत. शेजारची रशियन बाई आपल्या देशी परतताना ती काचेची पेटी गयेला देऊन गेली, तेव्हा तिने हातवारे करकरून समजावलं होतं की या मिशीवाल्या माशांना सोबत लागते, एकटा पडला की तो दगडामागे बसतो आणि खाणं सोडतो. तळाला बारीक वाळू हवी, नाहीतर मिशा झिजतात. पाणी थोडंथोडंच बदलायचं, तेही बादलीत मुरवून. गया मला आणि ठकूला सोडून गेली त्या दिवशी शेजारच्या बायांनी रीतीप्रमाणे घरातलं सगळं पाणी ओतून टाकलं, त्यात पेटीतलंही, आणि नळाचं कोरं पाणी भरलं. तेव्हापासून एकेक उलटा होत गेला. आता एकच उरला आहे.

दहाव्याला शिवनाथ नदीच्या घाटावर काय झालं ते भाऊजींनी सांगितलं असेल. पिंडाला कावळा शिवेना. ठकूला आम्ही गोंदियाला नेतो, तिला काही कमी पडू देणार नाही, असं भाऊजींनी हात जोडून सांगितलं, तरी शिवेना. मग माझ्या तोंडून निघालं की तुझे मासे मी जपीन, एकालाही एकटं पडू देणार नाही. बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

गया घरातच आहे, ताई. पहिल्या पाळीवरून येऊन कुलूप काढतो, तर तिचा पाट पेटीसमोर मांडलेला असतो. सकाळी मीच तो भिंतीला उभा करून गेलेला असतो. मला तिची भीती वाटत नाही. दिलेला शब्द मोडला म्हणून ती नाराज असेल, याची वाटते.

भाऊजींना नमस्कार, ठकूला पापा. लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
देवीदास

गोंदिया
९ नोव्हेंबर १९६२

चि. देवीदास यास,
सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

कोकओव्हनच्या भट्टीपुढे न डगमगणारा माझा भाऊ बोटभर माशापायी झुरतो, हे वाचून हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगते, मला गयेचा राग आला. पोटच्या पोरीचा शब्द दिला तर कावळा हलत नाही आणि माशांचं नाव काढलं की शिवतो. ठकूला हे कधी कळू देऊ नकोस.

ठकू मजेत आहे. फक्त दिवसभर खाटेखाली बसते आणि बोलावलं तरी लवकर येत नाही. मी ओढून काढायला लागले की हे मलाच रागावतात, की काहून पोरीच्या मागं लागतेस.

तो मासा तळ्यात सोड आणि सुखराम भगताला बोलावून घर झाडून घे. ठकूला मी त्या घरात पाठवणार नाही. तिचं सगळं आता इथेच होईल.

प्रकृतीला जप, आणि बहिणीवर माया असू दे.
सिंधुताई

भिलाई, सेक्टर १०
१६ नोव्हेंबर १९६२

ती. सौ. सिंधुताईस,
शि. सा. न. वि. वि.

मासा सोडला नाही. आमच्या खात्यातल्या हिरालालला मोडकी रशियन येते. त्याला मध्ये घालून दुसऱ्या एका रशियन कुटुंबाकडून त्याच जातीचे चार-पाच मागून आणले. नदीची बारीक वाळू धुऊन घातली, त्यांच्या भांड्यात पेटीतलं पाणी वाटीवाटीने मिसळलं आणि मग त्यांना आत सोडलं. उरलेला म्हातारा मासा दगडामागून बाहेर आला. आता सगळे मिळून वाळू उकरत फिरतात.

वाटलं होतं, गया आता निघून जाईल. गेली नाही. पाट अजून हलतो, पण पेटीसमोर नसतो. रोज दाराशी सापडतो.

शेजारची भीमाबाई म्हणाली की पोर इथं असती तर तुझ्या पाळीच्या वेळेत मी पाहिली असती. तुझ्याजवळून तिला मागायला माझी जीभ उचलत नाही.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, ताई.
देवीदास

गोंदिया
२३ नोव्हेंबर १९६२

चि. देवीदास यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खाटेखाली वाकून ठकूला पहिल्यांदाच विचारलं, की बाई, तू इथे का बसतेस. म्हणाली की एकटा मासा असाच बसते, आईनं मले दाखवलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. घाटावर ह्यांनी पोरीला नेतो म्हटलं म्हणूनच कावळा अडला होता रे. गयेवर मी उगाच रागावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या घरात पाळणा हलला नाही. ठकू आली तेव्हा वाटलं, देवाने उशिरा का होईना दिलं.

रविवारच्या पॅसेंजरने तिला घेऊन येते. दुर्ग स्टेशनवर ये. मी घरी येणार नाही, परतीच्या गाडीने लगेच निघेन. भीमाबाईला सांग, हिला भातावर तूप लागतं आणि झोपताना कोणाचं तरी बोट धरायला लागतं.

माझ्यावरचा लोभ कमी केलास तरी चालेल. पण फलाटावर तिला माझ्या कडेवरून घेताना माझ्याकडे बघू नकोस.
तुझी,
सिंधुताई