आमेनचा मान

४ मार्च, मंगळवार
दुपारी संजयचा फोन. इस्राएलात चौथ्या मजल्यावर एका म्हातारीच्या न्हाणीघरात टाइल्स बसवतो आहे. म्हातारी तिथलीच, यहुदी. त्याला कडू कॉफी देते आणि स्टुलावर बसून काम पाहत राहते. मी विचारलं, प्रार्थना करतो का. म्हणाला, "बाबा, मी टाइल लावतो. मले तेच येते." आतून सुनबाई वैशाली हसली. मागे काहीतरी केकाटत होतं. म्हणे भोंग्याची टेस्टिंग आहे. रोज कशाला टेस्टिंग करतात?

त्याची आई सेवाग्रामला दवाखान्यात वारली, तेव्हापासून तो मंडळीच्या सभेला आला नाही. बाप्तिस्मा राहिला तो राहिलाच. तिथल्या व्हरांड्यात म्हणाला होता, "तुमच्या देवाले ऐकू येत नाई."

७ मार्च, शुक्रवार
उपास-प्रार्थना. पास्टर जोरात होते. देवाने इस्राएलला दिलेलं वचन मोडलेलं नाही, त्यांना त्यांच्या भूमीत परत आणलं. आता राष्ट्रं चालून येतील, आग पडेल, आणि त्या संकटात ज्या येशूला नाकारलं त्याच्याकडे ते पाहतील, विश्वास ठेवतील, तरतील. मग प्रभू येईल. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, उशीर नको. तिथे जे घडायचं ते लवकर घडू दे."

आमच्या मंडळीत सगळ्यात म्हाताऱ्याने आधी आमेन म्हणायचं, मग बाकीच्यांनी. तो मान माझा. म्हटलं. खणखणीत म्हटलं.

घराकडे येताना माझ्या वांग्याच्या वाडीपर्यंत आलो आणि पाय थांबले. मी काय मागून आलो?

९ मार्च, रविवार
टीव्हीवर इस्राएलातली आग. वैशालीने बंद केला. संजयला फोन लागेना. ती म्हणे, "मामाजी, तुम्ही फेऱ्या नका मारू, मले चक्कर येऊन राह्यली." संध्याकाळी मेसेज आला. ठीक आहे. क्षेपणास्त्र दोन गल्ल्या सोडून पडलं.
दोन गल्ल्या.
आमेनचं तिला सांगितलं नाही.

११ मार्च, मंगळवार
पास्टर चहाला आले. विचारूनच टाकलं, आमेन परत घेता येतं काय?
हसले. "काकाजी, तुमच्या आमेनने बॉम्ब सुटत नाही."
"मंग आपण म्हणतो कशाले?"
त्यावर त्यांनी बिस्कीट बुडवलं. तुटून कपात पडलं.
मग मी मुद्द्यावर आलो. त्या लोकांनी प्रभूला नाकारलं, तरी शास्त्र म्हणतं की वाडवडिलांसाठी देवाला ते प्रिय आहेत. बापासाठी लेकरं राखतो. मग माझ्यासाठी माझा पोरगा का नाही?
"ते राष्ट्राचं आहे, काकाजी. एकेका माणसाचं नाही. आणि तेसुद्धा शेवटी विश्वासानेच तरणार. बापाच्या विश्वासावर पोरगा तरत नाही. विश्वास धरतो असं त्याला स्वतः म्हणावं लागेल."
"आणि म्हणायच्या आधीच काही झालं तर?"
पास्टर चांगला माणूस आहे. खोटं बोलला नाही. बराच वेळ चमच्याने बिस्कीट काढत राहिला.

१३ मार्च, गुरुवार
बाजारात वांगी आणि सांबाराच्या हिरव्या जुड्या विकायला घेऊन गेलतो. शेजारचा भगवान केळझरच्या गणपतीहून आलेला, कपाळाला टिळा. "काय देवराव, तुमच्या देवाचं गाव ना थे? मंग घाबरता काऊन?"
म्हटलं, त्याचं गाव आहे म्हणूनच घाबरतो.
तो हसणार होता, हसला नाही. पुड्यातला प्रसाद काढला, पुन्हा आत ठेवला. "तुमाले चालत नाई, इसरलो." मग म्हणे, "पोराचं नाव घेतलं मी तिथं. चालते ना तेवढं?"


पास्टर सांगतात, आपण रानटी फांदी, यहुद्यांच्या झाडाला कलम केलेली. मी संत्र्याच्या कलमाचे डोळे बांधलेला माणूस आहे. डोळा लागला की नाही, लवकर कळत नाही. पट्टी सोडून पाहायला गेलं की मरतो. संजयच्या बाबतीत मी सारखी पट्टी सोडून पाहतो.

१४ मार्च, शुक्रवार
सभा. पास्टरनी तीच प्रार्थना केली, थोडी हळू. घडायचं ते घडू दे. आणि त्यालाच जोडून, आमच्या संजयला राख. दोन्ही एकाच श्वासात.
मग सगळे थांबले. माझ्यासाठी.
तोंड उघडेना. वरचा पंखा कुरकुरत होता. कोणीतरी खोकललं. शेवटी पास्टरनीच आमेन म्हटलं आणि बाकीचे मागून पुटपुटले.
बाहेर चपला घालताना लीलाबाई म्हणाली, "काकाजी, तब्येत बरी नाई काय?" हाव म्हटलं. पित्त.

१६ मार्च, रविवार
संजयचा फोन. भोंगा आता टेस्टिंगचा नाही, कळतं तेवढं मला. त्या घराच्या जाड भिंतींच्या खोलीत बसला आहे, म्हातारीजवळ.
"बाबा, हे म्हातारी काहीतरी म्हणून राह्यली. डोळे झाकून. माहा हात धरला तिनं. मले समजत नाई काय म्हणते थे."
"प्रार्थना असंल."
"हाव." मग, "तुम्ही म्हणा ना, बाबा. मी आयकतो."
पिठाचे हात घेऊन वैशाली दारात उभी. मी म्हणू लागलो. काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. घडायचं ते घडू दे असं म्हटलं नाही, हे आठवतं. म्हटलं, त्या म्हातारीलाही राख, त्या सगळ्यांना राख, आणि हा आता ऐकतो आहे, तर याला म्हणू दे. येशूच्या नावाने मागतो.
आणि थांबलो. मान माझा, पण आज आधी त्याने आमेन म्हणावं म्हणून थांबलो.
तिकडून श्वास आला. ओठ उघडल्यासारखं काहीतरी. फोन कट.

१७ मार्च, सोमवार
फोन लागत नाही. वैशालीने मेसेज टाकला, एकच टिक. म्हणते, टॉवर गेला असेल, नऊ तारखेलाही असंच झालं होतं. स्वतःच म्हणते आणि स्वतःच मान हलवते.
त्याने म्हटलं असेल का? की म्हणायच्या आधीच?
पास्टरचा निरोप आला. शुक्रवारी या, तुमच्या आमेनवाचून सभा अडते.
कालची प्रार्थना अजून उघडीच आहे. आमेन मी म्हटलेलं नाही. आधी त्याचं कानावर येऊ दे.
फोन चार्जिंगला लावून जवळ बसलो आहे.