पंचाहत्तरीच्या कार्डाचा खुलासा

घाटनांदूर

तीर्थस्वरूप अर्जुनदादांना धाकट्या सत्यशीलेचा साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच, कारण माझा फोन कापण्याइतका जोर बोटांत आहे हे मी बारा दिवस बघते आहे. गुडघा कसा आहे? वनमालावहिनींना नमस्कार. भाऊबीज आठ दिवसांवर आली आणि तुम्ही म्हणे येणार नाही. म्हणून हा खुलासा.

तुमच्या पंचाहत्तरीला हाताने कार्ड केलं, हा माझा गुन्हा. आमच्या बचत गटात तीन दिवस शिकवलं: जुना फोटो कापायचा, जाड कागदावर चिकटवायचा, रंगीत पट्ट्या काडीवर गुंडाळून फुलं करायची. मी चौसष्ट फुलं केली (आठवडाभर बोटांचा डिंक गेला नाही, भाकरी थापताना हात परातीला चिकटायचा). तुमचा विशीतला, भांग पाडलेला फोटो मधोमध लावला आणि फुलं सभोवती. फोटोभोवती नाही तर काय कार्डाच्या पाठीला लावायची? त्यातून ती गुलाबी होती. झेंडूची असती तर मी ऐकून घेतलं असतं. आत ठसठशीत अक्षरांत ‘शतायुषी व्हा’ लिहिलं होतं, पण कार्ड उघडायचं असतं हे आपल्या भावकीला कोण सांगणार!

नुसतं टपालाने गेलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या ह्यांनी वरच्या पानाचा फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र. (कौतुकाने टाकला म्हणतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, ते असं.) पाच मिनिटांत एकवीस जणांची श्रद्धांजली. तुम्ही ‘मी जिवंत आहे’ लिहिलंत, त्याखालीही दोघांनी श्रद्धांजलीच वाहिली. त्याला मी काय करू?

धर्मापुरीचे हनुमानतात्या तर सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी बांधून पहिल्या बसने माजलगावला आले, आणि दार उघडलं तुम्हीच! तात्या म्हणाले, “अर्जुना, तू हायस व्हय बे! मग आमाला कावून रडवलंस?” वहिनी सांगत होत्या, पिठलं लई झणझणीत होतं म्हणून तुम्ही दोघांनी बसून चार भाकऱ्या संपवल्या. स्वतःच्या सुतकाचं पिठलं घशाखाली उतरतं आणि बहिणीचा फोन तेवढा सोसत नाही, हा कुठला न्याय?

मला फार वाईट वाटलं, दादा. ओवाळायला मला एकच भाऊ आहे. रागवायचं तर रागवा, पण पाटावर बसून रागवा.

तुमची (अजून मानत असाल तर) बहीण,
सत्यशीला

ता. क. कार्ड रागाने फाडलं नसेल ना? फाडू नका.

आणखी ता. क. वहिनींकडून मी गुपचूप मागवलेला तो फोटो अख्खा होता. तुमच्या शेजारी आई उभी होती. तिचा तेवढा एकच फोटो, तोही तुमच्या कपाटात, माझ्याकडे काहीच नाही. तिचा तुकडा मी ठेवून घेतला आहे आणि परत देणार नाही. फक्त कात्री घाईत चालली, आणि तिचा हात तुमच्या खांद्यावरच राहून गेला. येताना कार्ड घेऊन या. तो हात मला तिला परत चिकटवायचा आहे.